सव्वीस इंचांची वाट

माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे आणि मापाच्या बाबतीत ठार वेडा आहे. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. पाकीट घरी विसरेल, पण टेप विसरणार नाही. माझ्याकडे जेवायला आला तरी आधी दाराची चौकट मोजतो आणि म्हणतो, "ताई, ही दोन सूत बाहेर गेलीय." अरे, गेली तर गेली, तू जेव ना गपचूप! लोक त्याला टेपमास्तरच म्हणतात. तीस वर्षांत त्याने केलेलं एक दार कधी घासलं नाही की एक खिडकी अडली नाही.

त्याच्या घरापासून चार गल्ल्या सोडून बाग आहे. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून तिच्या दाराशी लोखंडी पाइपांची अरुंद वाट केलेली आहे. बारा वर्षांपूर्वी ती यानेच केली. तेव्हा माझी भावजय रोज संध्याकाळी त्या वाटेने आत जायची आणि तळ्याकाठच्या बाकावर तासभर एकटी बसून यायची. पुढे ती जिन्यावरून पडली, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं गेलं. चाकाची खुर्ची आली.

भावाने तिची काळजी घेतली नाही असं कुणी म्हणेल तर मी त्याचं तोंड बघणार नाही. दर रविवारी तो तिला ढकलत बागेत न्यायचा, माळ्याच्या हातापाया पडून मोठं फाटक उघडून घ्यायचा. पण एकदा ती मला म्हणाली, "ताई, प्यायचं पाणी हवं तरी मी हाक मारते. मला एकदा, कुणालाही न विचारता, तळ्यापर्यंत जायचंय. बाकी काही नको." हात तिचे दणकट झाले होते. चार गल्ल्या ती स्वतः चाकं फिरवत जायची. अडायचं ते फक्त त्या पाइपांशी, नवऱ्याच्याच हातच्या.

हे मी भावाला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

दोन वर्षं त्याने बागांच्या ऑफिसचे उंबरठे झिजवले. साहेबांचं एकच पालुपद, "वाट रुंद केली की मोटारसायकली घुसतात." शेवटी 'बाग सर्वांसाठी' अशी काहीतरी योजना निघाली आणि साहेब म्हणाले, खुर्ची जाईल पण मोटारसायकल जाणार नाही असं करून दाखव. याने मोटारसायकलचं हँडल मोजलं, अठ्ठावीस इंच. मग एका सकाळी भावजय झोपलेली असताना त्याने पलंगाशेजारची खुर्ची मोजली. पंचवीस. मला फोन करून ओरडला, "ताई, सव्वीस ठेवतो! वर एक इंच उरतोय!" मी वेडी, अख्ख्या गल्लीला सांगत सुटले.

उद्घाटनाला साहेब आले, फोटोवाला आला, फीत लागली. पहिला मान भावजयीचा. भाऊ सवयीने मागे उभा राहिला, तर ती म्हणाली, "तुम्ही व्हा बाजूला. आज मी जाणार." फीत कापली. दोन्ही बाजूंना पाइप, मधली वाट सहा फूट लांब, थोडी चढाची. पुढची चाकं झकास आत गेली. मग तिने चाकं फिरवायला हात लावले आणि तिथेच थांबली. हात मावतच नव्हते. खुर्ची मावत होती हो, सुतासारखी! चाकावर ठेवलेले हात मावत नव्हते. तिने जोर लावला, बोटांची सालटी निघाली, रक्त आलं. तरी तिने पुन्हा जोर लावला.

"अहो, ढकला ना तिला मागून!" साहेब म्हणाले. "फोटो खोळंबलाय."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ? त्याने ढकललं. तिने हात उचलून मांडीवर घेतले आणि फोटो निघाला.

त्या संध्याकाळी तो तिच्या बोटांना मलम लावत होता. तिने विचारलं, "तुम्ही मोजलंत तेव्हा मी कुठे होते?"

"तू झोपली होतीस," तो म्हणाला. "खुर्ची रिकामी होती." ती बोलली असती, भांडली असती, तर मला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी तो तीन इंच वाढवून मागायला गेला. साहेब हसले. "एकोणतीसमधून मोटारसायकल आरामात जाते, तूच सांगितलंस. आणि हेच माप आता मंजूर झालंय. आणखी नऊ बागांना अशाच वाटा करायच्यात. तू करतोस का दुसऱ्याला देऊ?" भाऊ म्हणाला, मीच करतो. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, दुसऱ्याने केल्या तर धारा तरी कोण घासेल? निदान कुणाला लागू तरी नये." आतापर्यंत सहा झाल्या. प्रत्येक वाटेच्या कडा त्याने गुळगुळीत केल्यात.

बागेच्या दारावर तो फोटो मोठा करून लावलाय. भावजय त्यानंतर बागेत गेलेली नाही, मोठ्या फाटकातूनही नाही.

परवा मी गेले तेव्हा ती खोलीच्या मधोमध बसली होती. खिडकी पाच पावलांवर. तिने आतल्या खोलीकडे हाक मारली, "अहो, जरा खिडकीपाशी ढकलता का मला?" हात मांडीवर होते, फोटोत आहेत तसेच.