सुजत्या हातातल्या बांगड्या

अपघात झाल्यावर काय करायचं, हे मला तोंडपाठ होतं. शहाद्याच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते, आणि प्रथमोपचार दरवर्षी शिकवावा लागतो. जखमीला उगाच हलवू नका. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. हाताला मार लागला असेल तर सूज चढायच्या आत अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. शेवटच्या वाक्याखाली मी फळ्यावर दोन रेघा मारते, कारण पोरं नेमकं तेच विसरतात.

नंदुरबारहून आम्ही दोघं घरी परतत होतो. प्रकाशा गावचा पूल मागे पडला, ऊन उतरलं होतं, आणि उसाने भरलेली ट्रॉली अचानक पुढ्यात आली. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. यांनी गाडी रस्त्याखाली घातली आणि ती बाभळीला जाऊन भिडली.

पहिली आठवण वासाची आहे. फुटलेल्या फटाक्यांसारखा वास आणि एअरबॅग फुटून सगळीकडे उडालेली पांढरी भुकटी. ही भुकटी कसली असेल, असा प्रश्न मला त्याही क्षणी पडला. माझा स्वभावच तसा. हे म्हणतात, हिला सरणावर ठेवलं तरी लाकूड कोणतं आणलं ते उठून विचारेल. पण त्या वेळी हे काही म्हणत नव्हते. डोकं खिडकीवर आपटलं होतं, कानशिलातून रक्त येत होतं आणि हाका मारल्या तरी ओ देत नव्हते.

माझं डावं मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकडं झालं होतं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हाड असं मोडलं की त्याला काट्याचीच उपमा देतात. आपलं निरीक्षण चुकलं नाही म्हणून मला तशातही बरं वाटलं.

शेजारच्या शेतातून कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या. केळीची पिकअप नेणारा एक तरुण थांबला. तो खरंच शहाणा होता. ओढाताण न करता त्याने यांची मान धरून ठेवायला एकीला बसवलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला, आणि मग माझ्याकडे वळला. "ताई, हात सुजी ऱ्हायना. बांगड्या काढी टाकूत."

त्याने हात पुढे केला तोच एका म्हातारीने त्याच्या मनगटावर चापटी मारली. "बांगड्यास्ले हात नको लाऊ! तिना घरवाला आठे पडेल शे, तुले दिखत नही का?"

तो ओशाळला. आणि मी? मी काय करावं? मी हात मागे घेतला. म्हातारीने ओढला नाही, कोणी धरला नाही, मीच पदराखाली लपवला. त्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि लग्नातली एक सोन्याची पाटली.

ॲम्ब्युलन्समध्ये मी यांच्याकडे बघत होते आणि हाताकडेही. बांगड्या मांसात रुतत चालल्या होत्या. मला स्वतःचंच नवल वाटत होतं. आमच्याकडे बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात, आणि मी या शब्दावरून किती जणींची चेष्टा केली असेल! काचेचा आणि माणसाच्या श्वासाचा काय संबंध, हे मी कोणालाही पटवून दिलं असतं. मग हात लपवणारी ही बाई कोण? कुठे बसली होती ती इतकी वर्षं?

दवाखान्यात यांना स्कॅनला आत नेलं. नर्सने माझा हात पाहिला आणि कटर मागवला.

"हे बाहेर येऊ देत, मग काढू," मी म्हणाले.

"ताई, बोटं बघा तुमची."

बोटं जांभळी पडली होती. अंगठ्याला आधी मुंग्या येत होत्या, आता काहीच कळत नव्हतं. डॉक्टर चिडले. "रक्त पोचत नाहीये खाली. आणखी उशीर केलात तर हा हात कामाचा राहणार नाही. शिकलेल्या आहात ना?" त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी मान हलवत राहिले. ते दार उघडेपर्यंत काहीही तोडायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात शेजाऱ्यांच्या गाडीतून सासूबाई आल्या. सासरे जाऊन खूप वर्षं झाली, माझ्या लग्नाच्याही आधी. त्यांचे मोकळे हात मी रोज स्वयंपाकघरात बघते. त्या आधी स्कॅनच्या दाराशी गेल्या. आत सोडत नाहीत म्हटल्यावर माझ्याकडे आल्या. नर्सने सगळं सांगितलं.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि पदर मनगटाभोवती गुंडाळला, काच उडू नये म्हणून.

"आई, नको," मी म्हणाले. "हे आत आहेत."

"तुन्हा सासरा गया तवय मन्हा हातमा डझनभर व्हत्यात," त्या म्हणाल्या. "त्या व्हत्यात तरी तो गया."

मी हात सैल सोडला. प्रयोग आणि पुरावा यांवर मी तास घेते, आणि पुरावा माझ्या घरात भाकरी थापत होता. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी, त्यांना या हातांबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता.

त्यांनी एकेक बांगडी पदराआड दाबून फोडली. विधवा बाई सवाष्णीच्या बांगड्या फोडते आहे हे पाहून शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड फिरवलं. पाटली नर्सने कटरने कापली. हळूहळू बोटांत रक्त उतरू लागलं आणि असा ठणका लागला की मी ओरडले. डॉक्टर म्हणाले, "ओरडा, चांगलं लक्षण आहे."

सासूबाईंनी काचा गोळा करून पदराच्या टोकाला बांधल्या आणि स्कॅनच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. कोणी स्टूल दिलं, बसल्या नाहीत. दार उघडलं तेव्हा यांचे डोळे किलकिले होते. "माय, तू कवय वनी?" एवढं ते म्हणाले, आणि सासूबाई मटकन खालीच बसल्या. मेंदूत रक्तस्राव नव्हता. टाके पडले, दोन दिवस ठेवून घेतलं.

माझा हात पुढे बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता. वेणी सासूबाई घालून द्यायच्या. एका दुपारी त्या माझ्यामागे बसून केस विंचरत होत्या तेव्हा मी विचारलं. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच विचारता आलं.

"आई, त्या दिवशी तुम्हले भ्याव नही वाटना?"

"वाटना ना. मन्हाच पोऱ्या व्हता ना आत."

"मंग तुम्हीच कसाले फोड्यात? नर्स व्हती ना."

त्यांनी केसांचे तीन पेड पाडले.

"त्याले काही व्हई जातं, तं लोके जन्मभर तुले बोल लावतात. मी फोड्यात म्हंजे बोल माले. माले आते कोन काय बोली?"