जगतापकाकांची ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि देवासमोर उभा राहतो तेव्हा तर मुद्दाम भलतंच काहीतरी मागत बसतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही – बहुतेक तेवढ्यासाठीच.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी दहावी नापास. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी परीक्षेच्या हॉलवरच्या बाईंनी मला नावाने हाक मारली, इतकी आमची ओळख झाली होती. पुढे कोथरूडला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. चहा आणायचा, झेरॉक्स काढायच्या. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला न फाडता काढता यायचा. तेवढ्यावरून साहेबांनी ठरवलं की मला कंप्युटरमधलं कळतं. मी नाही म्हणालो नाही. का म्हणेन? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार समजत होतं.

मग शिकलो. म्हणजे नेटवरून इकडचं उचललं, तिकडचं चिकटवलं, आणि कंपनीसाठी एक वेबपेज केलं. त्यात एक तक्ता. मेकॅनिकने लिफ्ट बघितली की मोबाईलवर तो तक्ता उघडायचा, एक ओळ भरायची – कुठली सोसायटी, काय बिघाड, कुठला पार्ट बदलला, पुढे काय करायचं – आणि सेव्ह दाबायचं. ओळ डेटाबेसमध्ये गेली की ऑफिसात दिसणार, ऑफिस माणूस पाठवणार. साहेबांनी सगळ्यांना बजावलं, यापुढे फोनवर काही सांगायचं नाही, जे असेल ते सिस्टीममध्ये. आणि सिस्टीम कुणाच्या हातात? माझ्या. तेव्हाच कुणीतरी घाबरायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात लाल अक्षरं यायला लागली. ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू अ‍ॅन इन्स्टन्स ऑफ अ‍ॅन ऑब्जेक्ट. पंधरा वेळा वाचलं. इंग्रजीचा पेपर चौथ्यांदा समोर आल्यासारखं झालं. त्याचा अर्थ मला फार नंतर कळला, आणि तो इतकाच होता – माझा कोड प्रत्येक रकान्याला विचारायचा, तुझ्यात काय लिहिलंय? आणि रकान्यात काहीच भरलेलं नसलं, की उत्तर द्यायला तिथे कुणी नसायचंच. समोरच्याने डबाच आणलेला नाही आणि मी विचारतोय, भाजी कसली? तिथे सगळं ठप्प. ती ओळ जायचीच नाही.

पण तेव्हा काही कळत नव्हतं. कुठे अडकतंय ते शोधायला मी कोडमध्ये जागोजाग मेसेज टाकले – ‘इथपर्यंत आलो एक’, ‘इथपर्यंत आलो दोन’. आणि काढायला विसरलो. दोन दिवस आमचे सगळे मेकॅनिक सोसायट्यांमध्ये उभे राहून मोबाईलवर ‘इथपर्यंत आलो तीन’ वाचत होते. एकाने फोन केला, "अरे, एवढा आलायस तर वर ये की, चहा घेऊ."

साहेब नारायण पेठेतले. ते ओरडत नाहीत, त्यांना गरजच पडत नाही. म्हणाले, "तुमच्या त्या लाल अक्षरांना जरा सुट्टी द्या. सोमवारी एका बिल्डरची माणसं येतायत सिस्टीम बघायला."

दिली सुट्टी. कशी दिली ते ऐका. चूक शोधलीच नाही. कोडला सांगितलं, अडकलास तर ती ओळ गुपचूप सर्व्हरवरच्या एका फाईलमध्ये टाक, आणि समोरच्या माणसाला हिरव्या अक्षरांत दाखव – सेव्ह झालं. ओळ गेली असो, नसो. हिरवं. ती फाईल दर शनिवारी उघडून बघायची असं मी ठरवलं होतं. सोमवारी माणसं आली, खूश होऊन गेली. साहेब म्हणाले, "जमलं म्हणायचं तुम्हाला. आम्ही आशा सोडली होती."

किती शनिवार गेले? एकदाही उघडली नाही.

आता जगतापकाकांबद्दल सांगायला हवं. कधीचा टाळतोय.

काका आमच्याकडचे सगळ्यात जुने मेकॅनिक. वाघोलीच्या पुढे त्यांचं गाव. लिफ्टचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. लाल अक्षरांच्या दिवसांत बाकीच्या मेकॅनिकांनी एक युक्ती काढली होती – पार्ट बदलला नसला तरी त्या रकान्यात एक टिंब ठोकायचं, मग ओळ जाते. एकाने माझ्यासमोरच काकांना ते सांगितलं. काका म्हणाले, "पार्ट बदललाच न्हाय, तर तिथं काय लिवू? खोटं कशापायी?" मी हसलो. मी जे शोधत होतो त्याचं उत्तर माझ्या कानावर पडलं होतं, आणि मी हसलो. पुढे हिरवं यायला लागलं तसे काका म्हणाले, "आता झ्याक हाय बघ तुझं."

मग ती दुपार. कोथरूडमधली एक जुनी सोसायटी, हाताने दार ओढायची लिफ्ट. अशा लिफ्टला प्रत्येक मजल्यावर लॉक असतं. लिफ्ट समोर नसली तर दार उघडताच कामा नये. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांनी दार ओढलं. उघडलं. इतक्या वर्षांची सवय – कोण खाली बघतं? लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती.

त्या वाचल्या. पण परत चालल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये काका आणि मी. आठवड्यापूर्वी ती लिफ्ट काकांनीच बघितली होती. साहेब म्हणाले, "जगताप, तुमची त्या लॉकबद्दल एक अक्षर नोंद नाही."

"लिवलंय साहेब. लॉक ढिलं हाय म्हणून लिवलंय. हिरवं आलं व्हतं."

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो, लिहिलेलं गायब होऊ शकतं का?"

आणि मी काय केलं? मी विनोद केला. म्हणालो, "साहेब, कंप्युटर म्हणजे मी नाही. त्याच्या डोक्यात एकदा घातलं की राहतं." साहेब हसले. त्या दिवशी, त्या केबिनमध्ये, हसले. काकांनासुद्धा हसू आलं थोडं. मग ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, "मग ऱ्हायलं असंल माझ्याकडनं. लिवलं असं वाटतंय खरं."

कंपनीने कागद तयार केला – मेकॅनिकने बिघाड कळवला नाही. काकांनी सही केली. त्यांना कामावरून काढलं.

अजून मी तुम्हाला खरं सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटत असेल, बिचाऱ्याला माहीत नसेल. मला माहीत होतं. अपघाताची बातमी आली तेव्हा मला आधी ती फाईलच आठवली. केबिनमध्ये जायच्या आधी, सकाळी, मी ती उघडली होती. काकांची ओळ त्यात होती. सोसायटीचं नाव. पार्टचा रकाना रिकामा. आणि पुढे काकांच्या भाषेत – पैल्या मजल्याचं लॉक ढिलं, तात्पुरतं आवळलंय, दोन दिसात बदला, नायतर माणूस पडंल.

हे वाचून मी केबिनमध्ये गेलो होतो. हे वाचून मी तो विनोद केला.

सही झाली. दुपारी सगळे डबा खायला बसले, आणि मी ती फाईल उडवली. रिसायकल बिनमध्येही ठेवली नाही. वाईट वाटलं का? नाही. तसं सांगायला बरं वाटलं असतं. मग मी बाहेर जाऊन सगळ्यांबरोबर जेवलो, आणि कुणाच्या तरी भेंडीवरून कुणाची तरी टिंगलही केली. दुसऱ्या दिवशी कोड दुरुस्त केला. एक ओळ – आधी बघ काही भरलंय का, नसेल तर रिकामं म्हणून लिही. इतकंच होतं ते. दहा मिनिटं लागली.

वर्षभराने वाघोलीत एका सोसायटीच्या कामाला गेलो होतो, तेव्हा काका रस्त्यात भेटले. घरी नेलं. ओट्यावर, कपाटावर, दाराच्या मागे चिठ्ठ्या चिकटवलेल्या – गॅस बंद, पंप बंद, कुलूप. काकू आत गेल्यावर काका हळू आवाजात म्हणाले, "माझं डोकं गेलंय रं. सुरुवात तिथनंच झाली. पोरीनं डाक्टरला दावलं. डाक्टर म्हनतो काय न्हाय. पर मला म्हाईत हाय. म्या ती ओळ लिवली असं मला अजून सपष्ट दिसतंय. जे केलंच न्हाय ते दिसतंय म्हंजे बघ."

मी चहा पीत होतो.

"तुझा कंप्युटर व्हता म्हणून कळलं," काका म्हणाले. "न्हायतर असाच लिफ्टी बघत फिरलो असतो. अजून कितीजण पाडले असते."

एक वाक्य. काका, तुम्ही लिहिलं होतं. चार शब्द. तोंडात आले होते. मी म्हणालो, "काका, डोकं नसलेलं बरं, माझं बघा, कधी दुखतच नाही." ते हसले. मी निघालो. नंतर कधी गेलो नाही. ते अजून आहेत, चिठ्ठ्या लावतात म्हणे.

अजून एक राहिलंय. तेही सांगतो.

ती फाईल एका ओळीची नव्हती. हिरवं यायला लागल्यावर टिंब ठोकायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं, कशाला ठोकतील? काकांच्या ओळीच्या वर ओळी होत्या, खाली ओळी होत्या. सोसायट्यांची नावं, मजले, कसले कसले बिघाड. मी काकांची ओळ मिळेपर्यंत सरकवत गेलो आणि तिथे थांबलो. बाकीच्या वाचल्या नाहीत. वाचल्या असत्या तर ऑफिसात द्याव्या लागल्या असत्या, आणि साहेबांनी विचारलं असतं, या कुठून आल्या?

त्या लिफ्ट कुठल्या, मला माहीत नाही. आता कुणालाच माहीत नाही. त्या चालू आहेत.