बिनलोण्याचा पाव

शिओरीच्या आजोबांच्या टकलावर लोण्याचा डाग पडला, तो कुवाबारा सरांमुळे. आजोबा कागदावरचे, कोळशाच्या कांडीने काढलेले; पण दोन महिने खपून काढलेले. रविवारी चित्रशाळेत विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं. खरे आजोबा सफरचंदांची बाग सोडून खास स्वतःला बघायला हिरोसाकीला यायचे होते. आणि आज शुक्रवार होता.

घडलं ते चांगुलपणातून. कोळशाच्या चित्रात उजेड आणायचा तर पावाचा मऊ गर चिमटीत मळायचा आणि त्याने हलकेच पुसायचं, ही इथली रीत. तो पाव तात्सुएकाकूंच्या भट्टीतून सायकलवरून येई. कुवाबारा सर लाकडी ठशांच्या छपाईतले. कोळशाच्या वर्गावर दोन आठवड्यांपुरते बसवलेले. मधल्या सुट्टीत त्यांनी तो पाव खाऊचा समजून चाखला आणि त्यांना पोरांची दया आली. भाजलेला पुठ्ठाच तो! त्यांनी काकूंना ‘उद्यापासून नको’ म्हणून कळवलं आणि स्टेशनजवळच्या नव्या दुकानातून सोनेरी, लुसलुशीत पाव आणला. शिओरीने तो टकलावर फिरवला. लोणी कागदात मुरलं.

“सर, हे पुसलंच जात नाहीये,” शिओरी रडवेली होऊन म्हणाली. “कुणी आजोबांच्या डोक्यावर तळलेली कोळंबी ठेवून उचलल्यासारखं दिसतंय.”

सर तडक भट्टीवर गेले.

तात्सुएकाकू एकाहत्तर वर्षांच्या. लग्नाच्या वर्षी एकदा नवरा लोणी-साखर घालायला विसरला आणि तो अख्खा घाणा तेव्हाच्या चित्रकलेच्या मास्तरांनी आनंदाने उचलला. तेव्हापासून रोज एक घाणा मुद्दाम विसरला जातो. नवरा गेला, विसरणं काकूंनी चालू ठेवलं. स्वतः सकाळी भात आणि मिसोचं सूप घेतात, पावाला शिवत नाहीत. चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, हे त्या छातीठोकपणे सांगतात आणि एकही प्रदर्शन चुकवत नाहीत. मातीची भांडी, ठशांची चित्रं, कागदाचे बगळे, भरतकामाचे अंगरखे, सगळ्यांसमोरून “इथे पाव लागला नाही” म्हणत पुढे सरकतात. कोळशाच्या चित्रापाशी मात्र चष्मा कपाळावर चढवून नाक टेकेपर्यंत वाकतात आणि फक्त उजेडाच्या जागा बघतात.

सरांनी कमरेत वाकून सगळं सांगितलं.

“लोणी होतं?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“गोडही असेल.”

“थोडा होता.”

“मग खायचा होता की.”

एवढं बोलून त्यांनी बटाट्याच्या पिठाचा पुडा आणि बिनलोण्याचा एक पाव सायकलच्या टोपलीत टाकला. नको म्हणून कळवलं तरी घाणा काढलाच होता. सर मागून धावत निघाले.

डागावर पीठ भुरभुरायचं, त्याला लोणी पिऊ द्यायचं, मऊ कुंचल्याने झटकायचं, पुन्हा भुरभुरायचं. शनिवार दुपारपर्यंत हेच चाललं. मग शिओरीने जीव मुठीत धरून काकूंच्या पावाने टक्कल उजळलं.

“काकू, थोडा राहिलाच हो डाग,” ती म्हणाली.

“राहू दे. आजोबांचं डोकं काय संगमरवराचं आहे?”

रविवारी आजोबा आले. चित्रासमोर उभे राहिले, टोपी काढली. शिओरी सरांच्या पाठीमागे लपली होती. आजोबांनी स्वतःच्या टाळूवर हात फिरवला, चित्रातल्या डागाच्या नेमक्या जागी थांबवला आणि शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाले, “नात बारकाईने बघते हो. बागेत ऊन मला इथेच लागतं.”

शिओरीने श्वास सोडला. सरांनीही. त्याच उत्साहात ते, नाक चित्रातल्या टकलाला टेकवून उभ्या असलेल्या काकूंपाशी गेले.

“काकू, आता तरी माझ्यावरचा राग गेला ना?”

काकू वळल्याही नाहीत. “नाही गेला. पाव भट्टीतून सकाळी सहाला निघतो, स्वतः येऊन घेऊन जायचा.”