ब्रेकची हवा आणि माझा पाय

आज माझा उजवा पाय दुखतोय आणि डोकं त्याहून जास्त.

आमच्या पिकअपचं ब्रेक ऑइल बदलायचं होतं. गॅरेजवाल्याला वेळ नाही आणि उद्या पहाटे द्राक्षं भरून कसारा घाट उतरायचाय. म्हणून आमच्या ह्यांनी घरीच घाट घातला. जुनं ऑइल नळीतून काढायला हे पाना घेऊन चाकापाशी, मी ब्रेकवर पाय ठेवून सीटवर. "दाब. धर. सोड." तरी नळीतून हवेचे बुडबुडे येतच होते, आणि आत हवा राहिली की ब्रेक नीट लागत नाही.

"तू पाय आधीच उचलतेस," ह्यांचं सारखं चालूच. त्यात समोरचे भाऊसाहेब आले. दोघांच्या द्राक्षाच्या भावावर गप्पा, मी तशीच ब्रेक दाबून. जाताना भाऊसाहेब मलाच म्हणाले, "वहिनी, नीट धरा ना."

वैतागून खाली उतरले, बॉनेट उघडलं. आतली ब्रेक ऑइलची डबी रिकामी. खालून जुनं काढताना वरून नवं ओतायचं, ते आमचे हेच विसरले होते. हवा तिथूनच शिरत होती.

डबी भरून चारही चाकं पुन्हा केली. ब्रेक कडक लागला. गल्लीत चक्कर मारून आल्यावर हे भाऊसाहेबांना सांगतात, "आत्ता कुठे हिला जमलं."

उद्या घाटात ह्यांचा जीव माझ्याच पायाने कडक केलेल्या ब्रेकच्या भरवशावर असणार आहे. हे ह्यांना कोण सांगणार, तुम्हीच सांगा.