तोंड बंद ठेवायची नोकरी

काकड्याने पंचवीस वर्षं ट्रक चालवला. गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडहून माल घेऊन तो कधी हुबळीला जायचा, कधी लुधियानाला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण मराठी आणि गुजराती त्याला सारखीच येत होती आणि हिंदीत तो आरटीओच्या माणसाशीही वाद घालायचा. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि लायसन्स पुढे मिळेना. तेव्हा तो रानशेतच्या आतल्या आपल्या पाड्यावर कायमचा परतला. बायको जानी काही वर्षांपूर्वीच वारली होती. मुलगी भारती डहाणूला एका दवाखान्यात नर्स होती.

त्याच सुमारास पाड्याच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याला, एक रिसॉर्ट उभं राहिलं. त्याच्यासाठी पर्यटनाच्या निधीतून डांबरी रस्ता झाला आणि बरोबर फाटकापाशी येऊन थांबला. फाटकापासून पाडा दीड किलोमीटरवर. मधे ओढा. ओढ्यावर पूल नाही.

रिसॉर्टचा मॅनेजर, नविन नावाचा, कामाला माणसं शोधत पाड्यावर आला. बायका त्याला भाकऱ्या थापायला हव्या होत्या, पोरं नाचायला. काकड्याची पांढरी दाढी बघून तो तिथेच थांबला. म्हणाला, काका, तुम्हाला काहीच काम नाही, फक्त झोपडीसमोर बसायचं. पँट चालणार नाही, लंगोटी नेसायची. मोबाइल, चष्मा, घड्याळ ऑफिसात ठेवायचं. आणि पाहुण्यांशी बोलायचं नाही. त्यांना अस्सल माणूस बघायचा असतो, हिंदी बोलणारा नको असतो.

भारती फोनवर चिडली. काकड्याने तिची समजूत घातली की सावलीत बसायचं काम आहे, दिसत नाही तर दुसरं कोण काम देणार? पण पहिल्या दिवशी लंगोटी नेसून बसल्यावर पाहुण्यांतल्या एका पोरीने त्याच्या पायांचा फोटो काढला, तेव्हा त्याने मान खाली घातली. आयुष्यभर पोलिसांपुढेही न घातलेली.

एकदा मुंबईच्या ऑफिसातून संगिता नावाच्या मॅडम आल्या. जाहिरातीचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी रेकॉर्डर लावला आणि म्हणाल्या, तुमची गोष्ट सांगा. असं त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने जानीचं सगळं सांगितलं. श्रावणात भाताच्या आवणीच्या वेळी शेतात तिला साप चावला. पाड्यावर गाडी येईना. त्याने, त्याच्या भावाने, पांड्याने, आणि आणखी दोघांनी तिला डोलीत घातलं, ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. तेव्हा डांबरी रस्ता रानशेतलाच संपायचा, तिथवर पोहोचायला अडीच तास लागले. तिथे अँब्युलन्स उभी होती. जानी डोलीतच गेली होती. ऐकताना संगिता मॅडमनी डोळे पुसले. काकड्याला बरं वाटलं, निदान कुणीतरी हे लिहून घेतलं म्हणून.

गाइडचं काम दक्षाकडे होतं. उंबरगावची मुलगी, मुंबईच्या ऑफिसातून आलेला छापील कागद पाठ करून बोलायची, बहुतेक वेळा इंग्रजीत. एका रविवारी सुरतेहून दहा-बारा पाहुणे आले आणि ती गुजरातीत बोलू लागली. या म्हाताऱ्याला गुजराती येतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

काकड्याला शब्द न् शब्द कळत होता. हे आजोबा आयुष्यात कधी या जंगलाबाहेर गेलेले नाहीत. यांच्या पत्नीला साप चावला, तेव्हा यांनी तिला डॉक्टरकडे न नेता भगताकडे नेलं, तीन दिवस मंत्र चालले. ती गेली, पण यांना त्याचं दुःख नाही. निसर्गाने दिलं, निसर्गाने नेलं, असं हे लोक मानतात. आपण शहरातल्यांनी यांच्याकडून हेच शिकायचं.

पाहुण्यांनी माना डोलावल्या.

काकड्या उठला. आवाज न चढवता गुजरातीतच म्हणाला, "बेन, हे खोटं आहे. मी तिची डोली खांद्यावर घेऊन धावलो. रस्ता नव्हता म्हणून ती मेली. तुमची गाडी ज्या रस्त्याने आली ना, तो अजूनही माझ्या घरापर्यंत येत नाही."

एकाने विचारलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे का? दक्षा हातातला कागद उलटसुलट करून बघू लागली. काकड्या तसाच लंगोटीवर ऑफिसात गेला आणि त्याने आपली पँट मागितली. पाहुण्यांसमोर तमाशा केलास, उद्यापासून येऊ नको, असं नविनने त्याला सांगितलं.

चौथ्या दिवशी तोच नविन भिजलेल्या बुटांनी ओढा ओलांडून पाड्यावर आला. आता तो हसत होता. सुरतेच्या सगळ्या पाहुण्यांनी इंटरनेटवर काकड्याबद्दल लिहिलं होतं, असं काही आजवर पाहिलं नाही म्हणून. मुंबईचं ऑफिस खूश होतं. काका, पँट घालून बसा, ट्रकचंही सांगा. खरी गोष्ट जास्त चालते. फक्त दर शनिवारी-रविवारी अगदी तसंच उठायचं, तसंच रागावायचं.

काकड्याने विचारलं, "आणि रस्ता?"

नविन म्हणाला, ते आमच्या हातात नाही.

"जानी एकदाच मेली," काकड्या म्हणाला. "दर शनिवारी तिला पुन्हा मारायला मी येणार नाही. ऊठ माझ्या अंगणातून."

नंतर भारतीने अर्ज लिहिला आणि काकड्याने ग्रामसभेत उभं राहून तो सगळ्यांसमोर वाचायला लावला. खोटी गोष्ट काढून टाका, जाहिरातीतला माझा फोटो हटवा, रस्ता पाड्यापर्यंत आणा. पहिल्या दोन गोष्टींना रिसॉर्टने दोन महिने लावले. तिसऱ्यावर ठराव झाला आहे आणि ठराव तालुक्याला गेला आहे, एवढंच कळतं. दक्षा एकदा माफी मागायला आली होती. त्याने तिला चहा दिला, माफीबद्दल काही बोलला नाही. तिच्यावर त्याचा राग नव्हता. राग होता तो डोळे पुसून ते खोटं लिहिणाऱ्या बाईवर, आणि तो अजून तसाच आहे.

भारतीने त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आता तो अच्छाडला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाड्या लावून घेतो, ताडपत्रीच्या दोऱ्या तपासतो.

झोपडीसमोर हल्ली पांड्या बसतो. बसण्याआधी तो काकड्याला विचारायला आला होता. काकड्या म्हणाला, बस, पण तुझ्याबद्दल कोणी खोटं बोललं तर उठायचं. पांड्याने हो म्हटलं. दक्षा नोकरी सोडून गेल्यापासून तिथे सगळं इंग्रजीतच सांगतात. पांड्याला इंग्रजी येत नाही.