अल्लीपूरला ‘स्वतःबद्दल दोन शब्द’

पुण्याहून निघताना मी मोठ्या तोऱ्यात होते. पदवी झालेल्या पोरींना मुलाखतीत बोलायला शिकवायचं, त्यात काय एवढं! हिंगणघाटला तर्री-पोहे (वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले, निम्मी तर्री ओढणीवर सांडली आणि तशीच अल्लीपूरच्या यष्टीत चढले. दोन्हीकडे कपाशी, आणि ऊन तर नको रे बाबा!

वर्गात म्हटलं, “स्वतःबद्दल दोन शब्द सांगा.” पहिली उठली पल्लवी. बी.ए. झालेली, घरी भाजीचा मळा. शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाली, “ही वैशाली. लय हुशार आहे.”

“अगं, तुझ्याबद्दल!”

“माझं वैशाली सांगन ना, मॅडम. आपल्याच तोंडानं आपलं कसं सांगाव? लोकं हासतीन.”

मी चक्रावलेच. अख्ख्या वर्गाचं हेच! आणि पल्लवीची तर दुसऱ्याच दिवशी मुलाखत. सेवाग्रामच्या वाटेवरचा दवाखाना, चौकशीच्या खिडकीवरची एकच जागा. ती हुकली, तर मळ्यात मेथीच्या जुड्या बांधायच्या, असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. ‘मी मेहनती आहे, मी कुणाशीही बोलू शकते,’ असं मी तिच्याकडून घोकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पल्लवी, सोबतीला वैशाली आणि मी अशा तिघी गेलो. दार उघडंच होतं. दवाखान्याचे साहेब म्हणाले, “स्वतःबद्दल सांगा.” बाहेर बाकावर वैशाली आणि मी. पल्लवीनं मागं वळून चक्क हाक मारली, “वैशाली, ये ना वं, सांग!”

आणि ती गेली की आत! “साहेब, गावात कोणाचं माणूस आजारी पडलं का हीच संग जाते. एखादी म्हातारी रडून राह्यली असन तर तिच्यापाशी बसते, डॉक्टर काय बोलला ते तिले समजावते...” थांबायलाच तयार नाही. साहेब खूश झाले. त्यांनी वैशालीलाच विचारलं, “सोमवारपासून येशील?”

“मी तं तिचं सांगून राह्यली, साहेब!”

“आम्हाला बोलणारं माणूस हवंय.”

वैशाली रडवेली झाली. पल्लवीच म्हणाली, “हो म्हण ना वं.”

परतीच्या यष्टीत काय बोलावं मला सुचेना. मी, बोलायला शिकवणारी! शेवटी पल्लवीला विचारलं, “वाईट वाटलं का गं?”

“वाटन नाई तं काय?” तिनं पुढच्या बाकावरच्या वैशालीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मॅडम, वैशाली बोलली ते सारं खरं आहे का हो? मी अशी आहो, हे मले कोणी सांगतलंच नाई.”

पुण्यात माझे वर्ग पुन्हा सुरू झालेत. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणायला तोंड उघडते आणि मीच अडखळते. समोरच्या पोरीला तिच्याबद्दल आधी कुणी काही सांगितलंय का, हे मला कुठं ठाऊक असतं?