खड्ड्यातलं संत्र्याचं झाड

आम्हा विणकरांत घर बांधताना आधी मागाचा खड्डा खणतात, मग भिंती. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. खड्डा चुकला की जन्मभर कंबर चुकते, असं बाबा म्हणत. ही रीत मला ठाऊक होती. घराच्या कर्जाचा नियमही ठाऊक होता, की मंजुरीआधी जागेवर बांधकाम सुरू झालेलं नसावं. पण बारा वर्षं सरकारी कारकुनी केली की डोक्यातही दोन टेबलं होतात आणि या टेबलावरचा कागद त्या टेबलावर जात नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी आमच्या दोन खोल्या परत हव्या होत्या. माग बसेल अशी दुसरी जागा भाड्यानं मिळेना. जमीन खणावी लागेल म्हटलं की समोरचा माणूस चहाही विचारत नसे. शेवटी उमरेड रस्त्याला, वस्ती संपते तिथं, एक प्लॉट घेतला आणि कर्जाचा अर्ज केला. बाबांची अट एकच होती. पुढच्या खोलीत माग बसला पाहिजे. नकाशातली ती खोली त्यांनी मागाच्या मापानं, हात लावून ठरवली होती.

आठ महिन्यांनी कर्ज मंजूर करणारे साहेब जागा पाहायला आले. एक शिपाई छत्री धरायला, दुसरा टेप धरायला. मोकळ्या जमिनीची पाहणी एवढ्या इतमामानं होताना मी प्रथमच पाहत होतो. प्लॉटच्या मधोमध कंबरभर खोल, नीट तासलेला खड्डा होता आणि त्याच्या काठावर बाबा धुतलेलं धोतर नेसून उभे होते.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"माग बसते इथं, साहेब. पहिले खड्डा, मंग घर."

साहेबांनी फाइलवर लिहिलं, 'पायाचे खोदकाम मंजुरीपूर्वी सुरू.' जीप गेली. धूळ खाली बसल्यावर मी म्हटलं, "बाबा, आजच कशाला खणलंत?"

"काहून? साहेब पाहाले येऊन राहिले, अन् प्लॉटवर पाहाले काहीच नाही. बरं दिसते का गा?"



प्रकरण खुलाशासाठी परत आलं. आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनं पान तोंडात ठेवून ते वाचलं आणि विचारलं, "खड्डा बुजवला का?"

"नाही."

"बुजवू नको. बुजवला तर कबूल केल्यासारखं होते. लिही, झाड लावण्यासाठी खणलेला खड्डा."

मी लिहिलं. आता झाड लावणं आलं. काटोलच्या बाजारातून बसनं संत्र्याचं कलम आणलं. बाबांनी स्वतःच्या खड्ड्यात स्वतःच माती लोटली. आई पाणी घालत म्हणाली, "कर्ज भेटलं का उपटून टाकू." बाबा पायानं माती दाबत राहिले.

साहेब पुन्हा आले, झाड पाहिलं, प्रसन्न झाले. त्यांनी शेरा मारला की वृक्षास बाधा न आणता बांधकाम करावे. कर्ज टप्प्याटप्प्यानं मिळणार होतं आणि प्रत्येक टप्प्याला साहेब येणार होते, म्हणजे झाड जिवंत लागणार होतं. घर मागं सरकवावं लागलं. मागं जागा कमी. पुढची खोली चार फुटांनी आखडली.

भिंती छातीएवढ्या झाल्या तेव्हा बाबा आत गेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हातानं माप घेत गेले, परत आले, पुन्हा गेले. बाहेर येऊन म्हणाले, "नाही बसत."

मी म्हटलं, नंतर बाजूला मागासाठी छप्पर घालू. त्यांनी मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं की हप्ते सुरू झाल्यावर छपराला पैसा उरणार नाही. नाहीच उरला. माग सोडवून गच्चीच्या जिन्याखाली ठेवला. वास्तुपूजेला आलेल्यांनी घर हवेशीर असल्याचं सांगितलं, आणि झाडाचं कौतुक केलं.

झाड मात्र वाढलं. संत्री लहान आणि इतकी आंबट, की एकदा साहेबांना डझनभर पाठवायचा मोह मला फार कष्टानं आवरावा लागला.

शेवटचा हप्ता फिटला, तेव्हा बाबांचे गुडघे गेले होते. बेबाकीचा दाखला मी घरी आणला आणि त्यांना वाचून दाखवला. मग म्हटलं, "आता झाड काढता येईल, बाबा. तिथं छप्पर घालतो. माग बसेल."

ते ओट्यावर बसले होते. त्यांनी झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं.

"थ्या खड्ड्यात मले आता उतरवंल कोन?" ते म्हणाले. "राहू दे. कागदावर हाये थे."